शांततेच्या दाराशी बसलेल्या स्त्रिया



शस्त्रे ज्यांच्या हाती, त्यांनीच तह करावा, असे आपण गृहीत धरतो. युद्धाची झळ सोसणाऱ्या स्त्रिया त्यामुळे बैठकीबाहेर राहतात. हा स्त्रियांवरील अन्याय आहेच. परंतु त्यामुळे तहही दुबळा होतो, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे उदाहरण घेऊ.

तेथे १९८९ ते २००३ या काळात, मधली काही वर्षे वगळता, यादवी माजली होती. मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या; बलात्कार हे युद्धाचे साधन बनले. २००३ मध्ये लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया एकत्र आल्या आणि पांढरी वस्त्रे नेसून राजधानी मन्रोव्हियातील मासळीबाजाराजवळ रोज बसू लागल्या. घानातील अक्रा येथे वाटाघाटी सुरू होताच त्यांपैकी काही जणी तेथे पोहोचल्या. आत चर्चा रेंगाळत होती. म्होरक्यांचे लक्ष पदांच्या वाटणीकडे होते. जुलैमध्ये या स्त्रियांनी सभागृहाचे दारच अडवले. १८ ऑगस्ट रोजी करार झाला. बंडखोरांचा वेढा, आंतरराष्ट्रीय दडपण आणि अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचे पदत्याग ही कारणेही होतीच. तथापि सामान्य माणसाचा प्रश्न वाटाघाटींच्या दाराशी आणून ठेवला तो या स्त्रियांनी.

स्त्री स्वभावतःच शांतताप्रिय असते, असे मला म्हणावयाचे नाही. त्या युद्धात काही स्त्रियाही शस्त्र घेऊन लढल्या होत्या. प्रश्न स्वभावाचा नसून अनुभवाचा आहे. बाजाराची वाट सुरक्षित आहे का, लढून परतलेल्या मुलाला घर स्वीकारील का, हे जिला रोज सोसावे लागते, तिच्यावाचून सुरक्षिततेची व्याख्या अपुरी राहते.

करारानंतरही काम उरलेच होते. २००५ च्या निवडणुकीपूर्वी स्त्रियांनी स्त्रियांची मतदारनोंदणी करवली. एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. २००७ ते २०१६ या काळात आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे पथक तेथे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तैनात होते. केवळ स्त्रियांचे असे ते पहिलेच पथक. गणवेशातील स्त्री पाहून पीडितेला बोलण्याचा धीर येतो, हा त्यामागील साधा विचार.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ एकमताने संमत करून शांतताप्रक्रियेत स्त्रियांच्या सहभागाची आवश्यकता मान्य केली. ठराव कागदावर आहे. दार मात्र अनेक ठिकाणी अजून अर्धेच उघडे आहे. मुलामुलींना एका बाकावर बसवून समान बोलू देणारी शाळा ते दार उघडण्याचीच तयारी करीत असते. आजच्या स्मृतिदिनी याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.