वहाणेचा बंध आणि त्याचे आयुष्य

पादत्राण या शब्दात पायाचे रक्षण अभिप्रेत आहे. वहाण या शब्दात पायाशी बांधणे. संस्कृतातील ‘उपानह्’ हा शब्द बांधणे या अर्थाच्या ‘नह्’ धातूस ‘उप’ हा उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. ‘संनद्ध’ हा त्याच कुळातला. प्राकृतात ‘उवाहणा’, ‘वाहणा’ अशी रूपे आढळतात. त्यांत नकार-हकारांनी जागा बदलल्या, आणि तेथून आपली वहाण आली. बोलीनेही हा अर्थ अजाणता जपला आहे. तळ पातळ झाला की आपण ‘चप्पल झिजली’ म्हणतो; तळ धडधाकट असून नुसता अंगठा निसटला, तरी ‘चप्पल तुटली’ म्हणतो. तेव्हा टिकाऊपणाचा विचार बंधापासूनच आरंभिला पाहिजे.

ज्या वहाणेस कोल्हापुरी म्हणतात, ती एकट्या कोल्हापूरची नव्हे. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे समाविष्ट आहेत. तिच्या तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंस ‘कान’ बसवितात, कानांना आडवा पट्टा जोडतात, आणि पुढे अंगठा. टाचेस बंध नाहीच. जुन्या घडणीत खिळाही नसतो. आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने टाके घालतात. (वादी, काही ठिकाणी वाधी, मूळ संस्कृत ‘वर्ध्र’, म्हणजे चामड्याची पट्टी.)

या वादीचे मर्म नीट समजून घेण्याजोगे आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. टाकाही चामड्याचाच असला म्हणजे तळ आणि टाका जवळजवळ एकाच चालीने फुगतात व आकसतात. बारीक, ताठ कृत्रिम धागा तसा हलत नाही. शिवाय त्याचा सारा ताण भोकाच्या एका अरुंद कडेवर येतो. धागा शाबूत राहतो आणि चामडे कापले जाते. धाग्याची मजबुती आणि जोडाची मजबुती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

टाच मोकळी असल्यामुळे प्रत्येक पावलास तळ चवड्यापाशी वाकतो आणि पाऊल उचलताना त्याचा भार अंगठ्यावर व पट्ट्यावर येतो. पाऊल पाऊण मीटरचे धरले, तर किलोमीटरमागे एका पायाची सुमारे ६६७ पावले होतात. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्याचा अंगठा वर्षात सुमारे २४ लाख हिसके सोसतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे २५० किलोमीटरांच्या वारीतच दीड लाखाहून अधिक. त्यात आपल्या जिल्ह्याची काळी माती. पावसाळ्यात ती तळास चिकटून वहाण जड करते, आणि ते जास्तीचे ओझेही अंगठ्यानेच उचलावयाचे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तेल न मिळालेले चामडे कोरडे पडून वाकीपाशी तडकते.

हलकी वहाण कमी टिकते, हा समज अर्धाच खरा आहे. वजन घटले की हिसका घटतो. पण तळ फार पातळ केला तर टाक्यास धरावयास चामडेच उरत नाही. हाच पेच फार दूरच्या एका वस्तूतही दिसतो. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात बर्फावरील चढाईसाठी हलका स्की-बंध योजला. त्यात बुटाचे टोक दोन खुंट्यांच्या चिमट्यात धरलेले असते, चढताना टाच मोकळी. आपल्या खडावेची खुंटी आठवावी! तेथेही झीज खुंटी आणि तिच्या खोबणीत होते. आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग लहान ताणही लाखो वेळा पडल्यास शेवटी चिरतो. चामडे तरी कुरकुरून आधी सूचना देते.

एक भेद मात्र निर्णायक वाटतो. वादीचा टाका उसवला तर कोणताही जाणता कारागीर रापीने नवी वादी कापून तो पुन्हा घालतो, आणि तळ जुनाच राहतो. केवळ डिंकाने चिकटविलेल्या स्वस्त वहाणेचा कान थरांतून सुटला, तर तीच पकड परत येणे कठीण. विकत घेताना अंगठा धरून हलकेच ओढावा, वहाण उलटी करून टाका तळाच्या थरांतून आरपार गेला आहे की नुसता वरच्या पापुद्र्यात अडकला आहे ते पाहावे. वजन त्यानंतर तोलावे.