भोगीची भाजी पेरूया : परसबागेतलं गणित

भोगीच्या भाजीतलं गाजर कधी पेरलं असेल? वर्गात विचारून बघा. पिंपरी-चिंचवड, चाकण भागातली बरीच मुलं भाड्याच्या खोलीत नाहीतर फ्लॅटमध्ये वाढतात. भाजी त्यांना मंडईतच दिसते. शाळेच्या परसबागेत किंवा गॅलरीत हे उत्तर त्यांना स्वतः शोधू द्या.

भोगी साधारण १३ जानेवारीला येते. तिथून मुलांना मागे मोजायला सांगा :

• गाजर : ९० दिवस, म्हणजे पेरणी १५ ऑक्टोबरच्या सुमारास
• घेवडा : ६० दिवस, नोव्हेंबरच्या मध्यावर
• मेथी : ३० दिवस, डिसेंबरच्या मध्यावर

गाजराला फूटभर खोल कुंडी आणि भुसभुशीत माती हवी. खडे राहिले की मुळाला फाटे फुटतात. बी थेट कुंडीतच पेरा, कारण रोप उपटून लावलं तर गाजर वाकडं होतं. उगवायला १० ते १५ दिवस लागतात, तोवर माती सुकू देऊ नका. मेथी मात्र चार-पाच दिवसांत वर येते, म्हणून लहान वर्गांना मेथीच द्या. ऊन पाच-सहा तास मिळायला हवं. आपल्याकडे दहिवर गोठत नाही, त्यामुळे झाकायची गरज नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंडीला चालतं.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत असते. गाजर तेव्हा कोवळं असतं. पालकांनो, शाळेजवळ राहणाऱ्यांनी पाण्याची पाळी वाटून घ्या. नाहीतर मुलांची मोजणी वहीतच राहील.