मेंटेनर म्हणजे मालक नव्हे
ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचा मेंटेनर म्हणजे मालक, असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो इतरांनी पाठवलेले बदल तपासून घेणारा, सांभाळणारा माणूस. एखाद्या जुन्या अपार्टमेंटमध्ये पाण्याच्या मोटारीची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते काका आठवा. मोटार सगळ्यांची; बिघडली की दार मात्र त्यांचेच वाजते.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या गाभ्याच्या) ‘मेंटेनर्स’ फाइलीत कोडच्या प्रत्येक भागाची देखभाल कितपत होते, ती स्थिती लिहितात. ‘सपोर्टेड’ म्हणजे त्या कामाचे कुणाला तरी पैसे मिळतात. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी लक्ष देते. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, सवड नाही. (हा प्रामाणिकपणा मला आवडतो.) ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, या शब्दाने लोक दचकतात. पण तो कोड बंद पडलेला असतोच असे नाही. त्याला सध्या वाली नाही, एवढेच.