शंभर मण्यांची शाळा

महाड सोडून गोव्याच्या रस्त्याने पुढे गेलं की पोलादपूर लागतं. तिथून आंबेनळी घाटाच्या बाजूला वळलं की डोंगरउतारावर वाड्या सुरू होतात. अशाच एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत संपादकांनी मला धाडलं. ‘विद्यार्थीकेंद्री शिक्षण’ हे शब्द प्रत्येक अहवालात असतात, ते चालताना कसं दिसतं ते बघून या, एवढंच त्यांचं सांगणं. शाळेचं नाव देत नाही. पहिली ते चौथी, पट वीसच्या आत, शिक्षक दोन. मी गेलो त्या दिवशी गुरुजी तालुक्याला बैठकीला गेलेले. म्हणजे चार इयत्ता आणि एकट्या बाई.

विद्यार्थीकेंद्री शिक्षणाच्या विचाराला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या हाताला काम देत शिकवलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं हा विचार, वर्गात उतरवला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशीवर अक्षरं नि आकडे रंगले. इथल्या फरशीवरचा रंग आता बराच पुसला आहे. मात्र एक वस्तू रोज वापरात आहे. ती म्हणजे खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत ताणलेली माळ.

शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. सोबत कपडे वाळत घालायचे चिमटे. हॉलंडमधले गणितज्ञ हान्स फ्रॉयडेंथाल यांच्या शिक्षणविचारातून अशा माळा वर्गात आल्या आणि दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ने त्या ‘गणितमाळ’ म्हणून आपल्याकडे पोचवल्या. बाईंनी सांगितलं, अडतीसवर चिमटा लावा. पहिलीतला मुलगा एकापासून एकेक मणी सरकवत निघाला. दुसरीतल्या मुलीने तीन दहांवरून हात फिरवला आणि पुढचे आठ मोजले. तिसरीतल्या एकाने थेट चाळीसवर बोट ठेवलं आणि दोन मणी मागे आला. तिघांचे चिमटे लागले, पण पहिल्याचा सदतीसवर. बाई काही बोलल्या नाहीत. ‘तुझं कसं आलं, सांग बघू,’ एवढंच त्यांनी त्या मुलीला विचारलं. ती सांगत असताना पहिलीतला मुलगा ऐकत होता. त्याने पुन्हा मोजलं आणि आपला चिमटा आपणच एक मणी पुढे नेला.

मी त्या माळेपाशी बराच वेळ बसून राहिलो. बरोबर की चूक हे कळायला मुलाला बाईंच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, यातच सगळं आलं. मराठी अंकांची अडचणही तिथे उलगडते. ‘एकोणचाळीस’ म्हटलं की कानाला चाळीस ऐकू येतं आणि पोर ४९ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढं वादळ उठलं. त्या पुस्तकामागच्या मंगला नारळीकर यांच्या समितीने दाखवलेली अडचण खरी होती, असं माझं मत आहे. माळेवर एकोणचाळीस हा चाळीसच्या अलीकडचा मणी असतो. नाव तेच राहतं, पण ते असं का, हे डोळ्यांना दिसतं.

तोवर चौथीची दोन मुलं पडवीत एकमेकांना धडा वाचून दाखवत होती. इथे गट इयत्तेप्रमाणे नसतात, ज्याला जे येतं त्याप्रमाणे असतात. शहरातल्या शाळा ही पद्धत हौसेने स्वीकारतात. इथे दुसरा इलाजच नाही. मुलं स्वतः शिकली नाहीत तर चारांतल्या तीन इयत्ता दिवसभर नुसत्या बसून राहतील.

आणि धोका आहे तो अशाच लहान पटाच्या शाळांना. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळपास पंधरा हजार होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयाने त्यांच्या जागी, त्यांची मुलं एकत्र आणणाऱ्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं पुढे आली. मोठ्या शाळेत सोबती जास्त, खेळायला मैदान, हे मला मान्य आहे. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी म्हटलं, ते अशाच मुलुखासाठी. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली; त्याच पावसात पोलादपुरात साखर सुतारवाडीवरही दरड आली. त्या पावसाळी रस्त्याने सहा वर्षांचं पोर गाडीत बसवून रोज कोण धाडणार?

बाईंना मात्र समूह शाळेच्या प्रस्तावापेक्षा वाडीचीच चिंता जास्त आहे. तरुण जोडपी मुंबईला जातात, पोरं त्यांच्याबरोबर जातात. मागे राहिलेल्यांतले काही इंग्रजी माध्यमाच्या गाडीची वाट बघतात. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. डोंगरात रेंज मिळेना म्हणून माहिती भरायला फोन घेऊन चढावर जायचं. तेवढा वेळ वर्ग माळेवर आणि चौथीच्या मुलांवर सोपवलेला असतो. बाई बदलीपात्र आहेत. नव्या माणसाला माळेचं काम दाखवायला त्या आठवडाभर थांबायला तयार आहेत, पण बदलीच्या आदेशात तशी सोय नसते. येत्या जूनमध्ये चौथीतून पाच मुलं बाहेर पडतील. पहिलीत दाखल होण्याजोगी वाडीत दोनच आहेत, आणि त्यातल्या एकीचे वडील ठाण्यात खोली शोधताहेत.