लहान चण आणि खेळाची निवड

शाळेच्या क्रीडांगणावर संघ निवडण्याची वेळ आली की, दोन्ही संघनायिकांची दृष्टी प्रथम उंच व दणकट मुलींकडे वळते. वर्गातील सर्वांत ठेंगणी मुलगी बहुधा शेवटी उरते. आणि कित्येकदा तर तिच्या हाती चेंडूऐवजी गुण मांडण्याची वही येते. असे चारदोन वेळा घडले म्हणजे, ‘खेळ हा आपला प्रांतच नव्हे,’ अशी तिची समजूत होऊन बसते. ही समजूत स्वाभाविक असली तरी बरोबर नाही. एखादा खेळ जमला नाही म्हणून कोणी सगळ्याच खेळांना अपात्र ठरत नाही. तो एक खेळ आपल्या शरीराला तूर्त अनुकूल नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘तूर्त’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकाच वयाच्या मुलांची वाढ एकाच वेळी होत नाही. मुलींची उंची सामान्यतः दहाव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान झपाट्याने वाढते. मुलांमध्ये हा काळ सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. त्यातही कोणाची वाढ लवकर सुरू होते, तर कोणाची उशिरा. त्यामुळे बाराव्या वर्षी सर्वांत मागे असलेली मुलगी सोळाव्या वर्षी बरोबरीला येऊ शकते. काहींची चण मात्र आईवडिलांप्रमाणे कायमच लहान राहते. आडव्या दांडीला लोंबकळल्याने उंची वाढते असे पुष्कळांना वाटते. परंतु हाडे वाढतात ती त्यांच्या टोकांजवळच्या कोवळ्या भागात, ओढून ताणून नव्हे. वाढ अगदीच थांबल्यासारखी वाटल्यास डॉक्टरांना विचारावे, हेच उत्तम.

आता लहान चणीचे लाभ पाहू. लाकडाचा एक ठोकळा घ्यावा. त्याच्या दुप्पट लांब, रुंद व उंच असा दुसरा ठोकळा करावयाचा, तर पहिल्यासारखे आठ ठोकळे लागतात. म्हणजे वजन आठपट होते. परंतु दुसऱ्या ठोकळ्याची एक बाजू पहिल्याच्या केवळ चौपट असते. शरीराचेही काहीसे असेच आहे. स्नायूंचे बळ त्यांच्या जाडीच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, वजन मात्र त्याहून वेगाने वाढत जाते. म्हणून स्वतःच्या वजनाच्या मानाने पाहता लहान चणीची व्यक्ती बहुधा अधिक बळकट ठरते. शिवाय आटोपशीर शरीर हवेत लवकर गिरकी घेते आणि धावताना चटकन दिशा बदलते.

ज्या खेळांत स्वतःचेच शरीर तोलावयाचे व फिरवावयाचे असते, त्यांत हा गुण उपयोगी पडतो. महाराष्ट्राचा मल्लखांब हे त्याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपास आणली. दोरीच्या मल्लखांबावर हलक्या अंगाची मुलगी सरसर वर चढते आणि दोरीचा विळखा घेऊन निरनिराळी आसने करून दाखविते. जिम्नॅस्टिक्समध्येही हेच दिसते. त्यातील जगज्जेती अमेरिकन खेळाडू सिमोन बाइल्स हिची उंची सुमारे 142 सेंटिमीटर आहे.

खो-खो हाही असाच खेळ. पाठलाग करणारीला बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारीला मात्र ती मुभा असते. अशा वेळी लांब ढांगांपेक्षा चपळाई आणि अचूक हुलकावणी अधिक कामी येते. 2025 साली नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिने केले.

काही खेळांत तर वजनाप्रमाणे गटच पाडलेले असतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, जूदो व भारोत्तोलन हे त्यांपैकी होत. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे 57 किलो वजनगटात कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मणिपूरच्या मीराबाई चानू हिची उंची पाच फुटांहूनही कमी. तिने 2021 साली टोकियो येथे 49 किलो गटात रौप्यपदक मिळविले. त्या वेळी तिने एका उचलीत 115 किलो, म्हणजे आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार डोक्यावर पेलला. मात्र खालच्या गटात बसता यावे म्हणून वाढत्या वयात उपाशी राहणे घातक आहे. अन्न तोडून मिळविलेला गट वाढीचे नुकसान करतो.

बास्केटबॉल व व्हॉलीबॉल यांत उंचीचा फायदा मोठा, हे मान्यच केले पाहिजे. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. ती कोणासाठी खाली येत नाही. तरीही अमेरिकेचा मग्सी बोग्स हा अवघ्या 160 सेंटिमीटर उंचीचा खेळाडू तेथील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक संघांतून 14 हंगाम खेळला. उंच खेळाडूंच्या हातचा चेंडू हिसकावून घेण्यात तो निष्णात होता. आवड तीव्र असेल तर वाट काढता येते. फक्त ती अधिक चढणीची असते.

तेव्हा खेळ निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हा खेळ शरीराकडून काय मागतो? त्यात वजनाचे वा वयाचे योग्य गट आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा खेळ खेळून घरी परतताना उद्या पुन्हा जावेसे वाटते काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आईवडील व शिक्षक देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर त्या मुलीनेच द्यावयाचे असते, आणि तेही दोनतीन खेळ प्रत्येकी महिनाभर तरी खेळून पाहिल्यानंतर. तोवर गुणांची वही पाळीपाळीने सर्वांच्या हाती जावी, हेच न्यायाचे.