मजकुराची घडी

मोठा ग्रंथ लिहिणाराची खरी अडचण शब्दांची नसते. ती असते पसाऱ्याची. चौथ्या प्रकरणांतील एक वाक्य दुरुस्त करीत असतां दहाव्यांत काय योजिलें होतें याचा विसर पडतो. पूर्वीं कित्येक लेखक टिपणांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून मागेंपुढें सरकवीत. संगणकावर लिहिणारास हीच सोय आतां मजकुराची घडी घालून मिळते.

अमेरिकन संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या तज्ज्ञांस ही युक्ति करून दाखविली. उदाहरण अगदीं घरगुती होतें: बाजारांतून आणावयाच्या जिनसांची यादी! जिनसा वर्गवार लावून त्यांनीं वर्गांचीं नांवें तेवढीं पडद्यावर ठेविलीं आणि बाकीचें मिटविलें. त्याच दिवशीं दाखविलेला माउस लोकांच्या ध्यानांत राहिला. बिचारी यादी मागें पडली.

या युक्तीचें आजचें एक उत्तम रूप म्हणजे ईमॅक्स या एडिटरांतील ऑर्ग मोड. कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनीं स्वतःच्या टिपणांसाठीं २००३ सालीं तो रचला. ओळीच्या आरंभीं एक तारा काढून थोडी जागा सोडली कीं ती ओळ मथळा ठरते. दोन तारे म्हणजे पोटमथळा. उघड्या मथळ्यावर टॅबची कळ दाबतांच खालचा सर्व मजकूर मिटून तीन टिंबें उरतात. पुन्हां दाबल्यास पोटमथळे दिसूं लागतात, आणखी एकदां दाबल्यास सारेंच उघडतें. शिफ्टसह टॅब दाबली तर हाच प्रकार सबंध ग्रंथास लागू होतो, आणि तीनशें पानांचा आराखडा एका दृष्टिक्षेपांत येतो. ऑल्टसह बाणाची कळ दाबली कीं मथळा आपल्या साऱ्या परिवारासह वर किंवा खालीं सरकतो. पांचवें प्रकरण दुसरें करावयाचें, तर एवढेंच काम!

पातळाची घडी घातल्यानें तें आंखूड होत नाहीं, तसा मिटलेला मजकूरही कमी होत नाहीं. घडी केवळ पडद्यावरची असते. फाइलींत साधीं अक्षरें जशींच्या तशीं राहतात व तीं कोणत्याही एडिटरांत वाचतां येतात. मात्र मिटलेला मथळा निष्काळजीपणानें खोडल्यास त्याखालीं झांकलेला आठवड्याचा मजकूरही त्याबरोबर जाऊं शकतो, आणि डोळ्यांना गेलेली दिसते ती एकच ओळ. असें खोडण्यापूर्वीं एडिटरनें विचारावें अशी तजवीज ऑर्ग मोडमध्यें करितां येते. नवख्यानें ती पहिल्याच दिवशीं करून ठेवावी.