इंजिन बदलले, पण कागदावर जुनेच!

चेंबूरच्या एका वसाहतीत जांभळाच्या झाडाखाली करड्या रंगाची एक फियाट उभी असते. गाडी १९६८ सालची, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडली त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. ती कोणा शेठची नाही. सारे आयुष्य गॅरेजमध्ये पान्हा चालवलेल्या एका काकांची आहे. १९९१ साली त्यांच्या मालकाने थकलेल्या पगारापोटी ही गाडी त्यांच्या हवाली केली. पगार बुडाला म्हणून काकू तेव्हा आठवडाभर बोलल्या नव्हत्या, असे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितले.

आम्ही गेलो होतो ते गाडी पाहायला नव्हे. काकांच्या नातीने बोलावले होते. "आमच्या घरी जे झाले ते छापा, म्हणजे रिक्षा-टेम्पोवाल्यांना तरी कळेल," असे तिचे म्हणणे. आम्हाला ते पटले.

झाले ते असे. १९९४ साली नाशिकला जाताना कसारा घाटात रेडिएटरमधले पाणी संपले, इंजिन तापले आणि ब्लॉकला तडा गेला. काकांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून अपघातात चेचलेल्या एका पद्मिनीचे इंजिन साडेसहा हजारांना घेतले. पद्मिनी म्हणजे या फियाटचीच पुढची बहीण. इंजिन दोघींचे एकाच घराण्यातले, १०८९ सी.सी.चे. काकांनी रविवारच्या एका दिवसात ते बसवले आणि सोमवारी गाडी सुरू! काम उत्तम झाले. राहिले एवढेच की, आर.टी.ओ.ला कळवायचे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

वाचकहो, इथेच खरी गोम आहे. इंजिनच्या ब्लॉकवर एक क्रमांक ठोकलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात लिहिलेला असतो. चेसिसचा क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक या दोन खुणांवरून सरकार गाडी ओळखते. इंजिन बदलले की त्यातली एक खूण बदलते. १९८९ साली अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात हे स्पष्ट आहे. बदलाला आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. मंजुरीविना इंजिन बदलले गेले असेल, तर १४ दिवसांच्या आत कळवून आर.सी. दुरुस्तीसाठी द्यावी. चौदा दिवस! काकांना लागली अठ्ठावीस वर्षे.

मधल्या काळात नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही असे नाही. झाले. पण प्रत्येक वेळी एजंट मध्ये होता आणि बोनेट उघडून नंबर कोणी ताडून पाहिला नाही. एजंटाला पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटत असे.

२०२२ साली काकांनी गाडी नातीच्या नावावर करायचे ठरवले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, आणि घरात गाडी शिकलेली ती एकटीच. त्याच सुमारास तिने ऐकले की केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. घरात आनंदीआनंद. आजोबांच्या गाडीला मानाची पाटी मिळणार!

नियम पूर्ण वाचल्यावर तो आनंद ओसरला. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि मुदत दहा वर्षे. पुढे नूतनीकरणाला पाच हजार. त्यातही अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. आणि सर्वात मोठी अट म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. ज्याने गाडी काचेच्या कपाटात जपली त्याच्यासाठी हा नियम सोपा. ज्याने ती पोट भरता भरता दुरुस्त करून चालवली, त्याचे काय? आम्हाला हा प्रश्न पडला. काकांना पडला नाही. ते म्हणाले, "पाटी नको. गाडी चालली पाहिजे."

म्हणून साध्या मार्गाने नावबदलीचा अर्ज केला. तपासणीच्या दिवशी निरीक्षकाने कापडाने ब्लॉकवरचे ग्रीस पुसले, नंबर वाचला, आर.सी. पाहिली आणि विचारले, "हे इंजिन कुठून आणले?" नात सांगते, त्या क्षणी आजोबांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. जन्मभर कोणाचा एक नट उचलला नाही त्या माणसाचा!

संशय घेणे हे निरीक्षकाचे कामच होते. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवून विकले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. इंजिन आपले आहे हे सिद्ध करायचे कशाने? काकांनी सरळ हात टेकले. पण काकूंनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. रेशनकार्ड, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, वीजबिले आणि सर्वात खाली भंगारवाल्याचे हाताने लिहिलेले बिल! त्यावर तारीख, रक्कम, इंजिनचा क्रमांक आणि ज्या पद्मिनीतून ते काढले तिचाही नंबर. काकूंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. "अक्षर लिहिलेला कागद फेकायचा नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या बिलावर सगळे तरले. लेखी अर्ज, प्रतिज्ञापत्र, विमा, पी.यू.सी., आणि ती पद्मिनी चोरीची नव्हती याची पोलिसांकडून खातरजमा. चार महिने हेलपाटे झाले, उशिराबद्दल दंड बसला, पर्यावरण कर निघाला. नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा पाच हजार होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारगाडीला ते दहा हजार झाले, म्हणजे उशीर आणखी महाग पडला असता.

आपल्या वाचकांत फियाटवाले थोडे, पण रिक्षा आणि टेम्पोवाले पुष्कळ. त्यांची इंजिने जास्त झिजतात आणि जास्त बदलली जातात. नंबर जुळत नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन घ्यायचे तर त्याच कंपनीचे, त्याच जातीचे घ्या. इंधनही तेच हवे. पेट्रोलच्या जागी डिझेलचे बसवून मागाहून मंजुरी मागू नका. बिलावर नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि अर्ज स्वतः द्या, पोच घ्या.

नातीच्या नावाची आर.सी. आम्ही पाहिली. इंजिन क्रमांकाच्या रकान्यात आता खरा नंबर आहे.

निघताना काकांनी गॅलरीतले पोते बाजूला सारले. खाली तडा गेलेला जुना ब्लॉक! १९९४ पासून भंगारवाला दर वर्षी मागतो आणि काकू देत नाहीत. काका दर पावसाळ्याआधी त्याला ऑइलचे फडके फिरवतात. तडा शिवणारा एक कारागीर त्यांनी शोधून ठेवला आहे. तो ब्लॉक परत बसला तर 'व्हिंटेज'चा अर्ज पुन्हा करून पाहता येईल, असे नात म्हणते. "मग इंजिन बदलल्याचे पुन्हा कळवावे लागेल," काका म्हणाले, "या वेळी चौदा दिवसांत."